मामाची पऱ्हाटी आणि कंट्रोलची भेंडी

आदिलाबादच्या एका कॉलेजात मी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा आईपुढे मोठाच पेच पडला. शेजारणींना सांगायचं काय? शिक्षिका नाही, नर्स नाही, बँकेत नाही. मग एका संध्याकाळी मी तिला नीट समजावून सांगितलं. बीटी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पेशींमध्ये एक प्रोटीन तयार होतं, बोंडअळीने ते खाल्लं की ती मरते. ते कोणत्या पानात किती आहे, हे आम्ही मोजतो. त्यासाठी पानाचे छोटे तुकडे थोड्या पाण्यात टाकून खलात वाटायचे, त्याचा रस काढायचा, आणि मग पुढचं.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे पानं वाटतं तू."

"तसंच समज."

"घरी ठेचा वाटाले सांगतलं का तुहे हात दुखतेत. आन् एवढी शिकून थेच करून राह्यली!"

त्यानंतर गल्लीत मी 'पानं वाटते ती' म्हणूनच ओळखले गेले. खरं सांगायचं तर त्या नोकरीचं इतकं प्रामाणिक वर्णन नंतर कुणीच केलं नाही. आमच्या सरांनी तर मुळीच नाही.

सर प्रोजेक्टचे प्रमुख. घरी तेलुगू, ऑफिसात उर्दूमिश्रित हिंदी आणि माझ्याशी मराठी, पण लिंगाचा भेदभाव न मानणारी. मला 'अम्मा' म्हणायचे, तिकडची रीतच आहे ती. माणूस तोंडाने गोड होता. पण माझ्या दोन वर्षांच्या काळात त्यांनी खलबत्ता, थेंब मोजायची पिपेट किंवा पऱ्हाटीचं पान यांपैकी कशालाही हात लावलेला मी पाहिला नाही. अपवाद एकच. मोठा अधिकारी येणार असला, की ते एक पिपेट घेऊन शर्टाच्या खिशाला पेनासारखी लावायचे. अधिकारी गेला की पिपेट परत स्टँडवर. एकदा ती तशीच खिशात राहून घरी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्या टोकाला हळद लागली होती. मी ती धुऊन ठेवली.

आमच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. पऱ्हाटी जशी जून होते, तसं पानातलं हे प्रोटीन कमी होतं का? सरांनी उत्तर प्रस्तावातच लिहून ठेवलं होतं. कमी होतं. एवढंच नाही, तर एक छान उतरती रेघही काढून जोडली होती, घसरगुंडीसारखी. आता त्या रेघेवर बसतील असे आकडे तेवढे यायचे होते, आणि त्यासाठी मला ठेवलं होतं.

मोजायची पद्धत ऐकायला अवघड आहे, करायला कंटाळवाणी. एक प्लास्टिकची ताटली असते, इडलीपात्राची नात म्हणावी अशी. तिला शहाण्णव वाट्या. प्रत्येक वाटीच्या तळाला एक रसायन चिकटवलेलं असतं. ते फक्त आपलं बीटी प्रोटीनच धरून ठेवतं, बाकी कशाला जवळ करत नाही. वाटीत पानाचा रस टाकायचा, वाट बघायची, धुवायचं. मग दुसरं रसायन, पुन्हा वाट, पुन्हा धुणं. शेवटी एक पाण्यासारखं द्रव टाकलं की ज्या वाटीत प्रोटीन अडकलंय ती निळी होते. आम्लाचा थेंब टाकला की पिवळी. जितका गडद पिवळा, तितकं प्रोटीन जास्त. यंत्र तो रंग वाचून आकडा देतं. प्रोटीन नसेल तर वाटी पाण्यासारखी कोरी राहते.

हे सगळं साहित्य एका डब्यात येतं, त्याला किट म्हणतात, आणि ते बर्फात ठेवावं लागतं. पहिलं किट आणायला सर स्वतः हैदराबादला गेले. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात किट, गाडीच्या डिकीत पेटी. येताना त्यांना वाटलं, एवढं विद्येचं काम आहे तर बासरला सरस्वतीच्या पायावर घालूनच न्यावं. वाट वाकडी केली. त्या दिवशी बासरला लेकरांच्या पाटीपूजेची गर्दी. सर दर्शनाच्या रांगेत, किट डिकीत, आणि वर भादव्याचं ऊन. भादव्याच्या उन्हात हरणं काळी पडतात म्हणतात, तिथे किटची काय कथा. पेटी माझ्या हातात आली तेव्हा आत बर्फ नव्हता, कोमट पाणी होतं आणि त्यात किट पोहत होतं. किटवर मात्र कुंकू लावलेलं होतं.

पहिली ताटली लावली. शहाण्णवच्या शहाण्णव वाट्या कोऱ्या. बीटीच्या कोवळ्या पानांच्यासुद्धा.

सरांनी ताटली उजेडात धरली. "अम्मा, कुणातच प्रोटीन नाही?"

"सर, किट गरम झालंय. रसायनं मेली."

"तसा नको म्हणू. हा नवा शोध पण असू शकतो."

दोन दिवस ते खरोखरच त्या नव्या शोधावर विचार करत होते. मग दुसरं किट मागवलं, या वेळी कुरिअरने. ते थेट आलं, कुठेही दर्शन न घेता, आणि चाललं.

आता कंट्रोल हवा होता. कंट्रोल म्हणजे असं पान, ज्यात हे प्रोटीन नसायलाच पाहिजे. ते कोरं निघालं तरच बाकीच्या पिवळ्या वाट्यांवर विश्वास ठेवायचा. पण आमच्या भागात बीटी नसलेली पऱ्हाटी शोधायची म्हणजे बाजाराच्या दिवशी रिकामा रस्ता शोधायचा. सर हताश झाले. आणि मी, मोठ्या शहाण्यासारखी, म्हणाले, "सर, माझ्या मामाकडे आहे."

माझा मामा इचोड्याच्या पुढे फाट्यावरून आत जायचं त्या गावात राहतो. गावरानी पऱ्हाटी वाचवणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. दरवर्षी दुकानातून बीटीची पाकिटं आणायची नाहीत, घरच्याच कापसातली सरकी पेरायची, हे त्याचं व्रत. नागपूरकडून, हैदराबादकडून लोक बघायला यायचे. मामा त्यांना धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, चपला काढायला लावायचा. "वावर हाय हे, बाजार नोहे," म्हणायचा. ओसरीत भिंतीला खुंट्या ठोकून सत्काराच्या शाली टांगल्या होत्या. मामी म्हणायची, "एवढ्या शाली हायेत, पन थंडी वाजली का मले गोधडीच घ्या लागते. शालीले हात लावू देत नाईत."

मी पानं आणायला गेले तेव्हा मामाने मलाही चपला काढायला लावल्या. काटे टोचत टोचत मी वरची, मधली, खालची पानं तोडली. प्रत्येक पान बर्फाच्या डब्यात ठेवताना मामाने भाषण केलं. "पाह्य पोरी, ह्या पानात जहर नाई. तुह्या मशीनले म्हना, पाह्य आन् शिक."

मशीनने पाहिलं. दोन दिवसांनी ताटली लावली, आम्लाचा थेंब टाकला, आणि मामाच्या पानांच्या वाट्या पिवळ्याजर्द झाल्या. हळदीच्या दुधासारख्या.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. खल नीट धुतला नसेल. आदल्या दिवशी त्याच खलात बीटीची पानं वाटली होती, त्यांचा अंश राहिला असेल. म्हणून खल घासला, नवीन नळ्या घेतल्या, मामाची पानं सगळ्यांत आधी वाटली, आणि मध्ये नुसत्या पाण्याच्या वाट्याही लावल्या. पाण्याच्या वाट्या कोऱ्या राहिल्या. मामाच्या पिवळ्या. तिसऱ्यांदाही तेच. मग आमच्याकडे शेतात वापरायच्या तपासणी पट्ट्या होत्या, त्यातली एक काढली. पानाच्या रसात पट्टीचं टोक बुडवायचं. एक रेघ उमटली तर बीटी नाही, दोन उमटल्या तर आहे. दोन उमटल्या, चांगल्या ठसठशीत.

ती पट्टी वहीत चिकटवायची म्हणून मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि विसरले.

संध्याकाळी आईने डबा काढायला पर्स उघडली. मी हातपाय धुऊन आले तर स्वयंपाकघरात धूर. आई तव्यासमोर बसलेली, भाकर करपत चाललेली. बाबांना तिने काहीतरी निमित्त काढून मळ्याकडे पिटाळलं होतं.

"बस," आई म्हणाली.

मी बसले. तिने कागद उलगडून पट्टी माझ्यापुढे ठेवली. "मी अडानी असंन. पन दोन लायनीचा अर्थ मले समजते. टीव्हीवर दाखोतेत."

माझ्या डोक्यात दिवसभर मामाची पऱ्हाटीच होती. मी उसासा टाकला. "मलाही आधी खरं वाटलं नाही गं. तीनदा तपासलं."

"तीनदा!" आईने पदर तोंडाला लावला. "कोनाकडचं हाय हे?"

"मामाकडचं."

आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. त्या आवाजाने मी भानावर आले आणि मग जे बोलत सुटले! आई, ही पऱ्हाटीची पट्टी आहे, पानाची, माझी नाही, मामाच्या पऱ्हाटीत बीटी निघालं, बायकांची पट्टी वेगळी, ही वेगळी! आईने ते सगळं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. पट्टी नाकाजवळ नेऊन हुंगली. तिला पानाचा वास आला असावा, कारण ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग करपलेली भाकर तिने स्वतःच्या ताटात घेतली.

जेवण अर्धं झालं तेव्हा तिचा हात थांबला. "म्हंजे," ती म्हणाली, "माहा भाऊ खोटा निंगाला?"

मी सांगितलं, कुणालाही सांगू नकोस, अजून खात्री करायची आहे. आई म्हणाली, माहं तोंड बंद. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये असतानाच मामाचा फोन आला.

"पोट्टे, तुह्या मशीनले डोळे हायेत का नाईत? इतके सालं झाले, मी बीटीचं पाकीट हातात नाई धरलं. आन् तू म्हंतं माह्या पऱ्हाटीत जहर हाय? हेच शिकवलं का तुले कॉलेजात? मामाले नागडं करा लागते म्हनून?"

बसमधल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी हळू आवाजात विचारलं, "मामा, सरकी कुठून काढता तुम्ही?" त्यावर तो म्हणाला, आवाज येऊन नाही राह्यला, आणि फोन ठेवला. त्याचा आवाज मला स्पष्ट येत होता.

सरांकडे गेले तर त्यांना मामाचं दुःख नव्हतं, रेघेचं होतं. "अम्मा, कंट्रोल पॉझिटिव्ह कसा चालेल? कंट्रोल म्हणजे काय? जो आपल्या कंट्रोलमध्ये राहतो तो कंट्रोल."

"सर, पण ते तसंच आहे. आपण तसंच लिहू या ना. गावरानी म्हणून पेरलेल्या पऱ्हाटीतही बीटी सापडतं, हेही महत्त्वाचंच आहे."

"ते प्रस्तावात नाही." सरांनी डोळे मिटून विचार केला. मग उघडले, आणि चेहरा उजळला. "अम्मा, पऱ्हाटी आणि भेंडी एकाच कुळातले ना?"

आहेत. फुलं बघितली तरी कळतं, चुलत बहिणी शोभतात.

"तुमच्या मळ्यात भेंडी आहे ना?"

होती. माझे बाबा भेंडी आणि वांगी काढून आदिलाबादच्या बाजारात पाठवतात. आता इथे मी सांगू शकले असते, की मी ठाम नकार दिला. नोकरी लाथाडली. तसं काही झालं नाही. मला ती नोकरी हवी होती. घरी लग्नाची बोलणी चालली होती आणि 'कॉलेजात संशोधन करते' हे ती पुढे ढकलायला बरं पडत होतं. शिवाय मामाने 'पोट्टे' म्हटलेलं डोक्यात होतं. मी दुसऱ्या दिवशी उजाडताच मळ्यात गेले आणि भेंडीची पानं तोडली.

आई धुऱ्यावर उभी. "भेंडी सोडून पानं काऊन तोडून राह्यली?"

"लॅबमध्ये लागतात."

"आता भेंडीची पानं वाटतं?" आईने कपाळाला हात लावला. "हळूहळू खाली खाली चालली तुही शिकवन."

भेंडीने मात्र आमची लाज राखली. तिच्या वाट्या अशा कोऱ्या निघाल्या, की सरांनी ताटली दोन्ही हातांत धरून म्हटलं, "सुंदर! असा शून्य मी आयुष्यात पाहिला नाही." भेंडीत बीटी नसणार, हे कोणतीही भाजीवाली सांगू शकली असती, पण सरांना तो शोध वाटला. अहवालात 'कंट्रोल' या रकान्यात तो सुंदर शून्य गेला. रकान्याच्या खाली लिहिलेलं होतं, 'बीटीविरहित कापूस'. आणि नमुना कुठून घेतला, त्या ओळीत मामाच्या गावाचं नाव तसंच राहून गेलं, कारण ती ओळ मी आधीच टाइप केली होती. बाकीची रेघ खरंच घसरगुंडीसारखी उतरली. तेवढं आमचं खरं होतं. जून पानात प्रोटीन कमी भरतच होतं. भेंडी नसती घातली तरी ते कमीच भरलं असतं.

दिवाळीनंतर हैदराबादहून एक मॅडम तपासणीला आल्या. वयाने आईएवढ्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. सरांनी खिशाला पिपेट लावली होती. मॅडमनी ती पाहिली. अहवालाची पानं उलटली, माझ्या वह्या मागितल्या आणि कंट्रोलच्या शून्यावर बोट ठेवलं. "इतना साफ़ ज़ीरो? इस इलाक़े में? ये खेत मुझे देखना है."

सर म्हणाले, रस्ता खराब आहे. मॅडम म्हणाल्या, बूट घातलेत.

गाडीत सर पुढे, मॅडम आणि मी मागे. इचोडा गेलं, फाटा आला. सर आरशातून माझ्याकडे बघत होते, मी खिडकीतून बाहेर. मला वाटत होतं गाडी पंक्चर व्हावी. एरवी त्या रस्त्यावर होते. त्या दिवशी झाली नाही.

मामाला मी आदल्या संध्याकाळी आईकडून निरोप दिला होता, की पाहुणे येणार आहेत. कशासाठी ते सांगायची हिंमत झाली नव्हती. मामाला वाटलं, सत्कार. तो धुतलेलं धोतर आणि एक शाल अशा थाटात उभा होता. मॅडमना म्हणाला, "चपला काढा लागते, बाई." मॅडमनी बूट काढले, मोजेही काढले, आणि सरळ आत चालत गेल्या. सरांनी धुऱ्यावरूनच नमस्कार केला.

मॅडमनी चार झाडांची पानं घेतली. पिशवीतून छोट्या नळ्या आणि पट्ट्या काढल्या. आपल्या हाताने, उकिडवं बसून, एकेका नळीत पान चेचलं. मामा कुतूहलाने वाकून बघत होता. आम्ही सगळे धुऱ्यावर बसलो. दहा मिनिटं वाट बघितली. मग पट्ट्यांवर रेघा उमटल्या. चारपैकी तीन पट्ट्यांवर दोन दोन.

"ये बीटी है," मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले, "हवा, मॅडम. बाजूच्या शेतातून परागकण आले असतील."

"सर, हवा से थोड़ा-बहुत आएगा. चार में से तीन नहीं."

मामाचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढला. "बाई, पट्टी नासकी असंन. सरकी घरची हाय माही!"

त्याच वेळी मामी चहा घेऊन आली. तिने शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं होतं. कप पुढे करत ती सहज म्हणाली, "घरची हाय, पन आता हातानं कोन काढते? माहे हात दुखतेत म्हनून तीन सालं झाले जिनिंगातून काढून आनतेत. सगळ्या गावाचा कापूस त्याच मशीनीत जाते, कोनाची सरकी कोनाच्या पोत्यात, कोनाले समजते?"

मामाने मामीकडे असं बघितलं, की चहा गार व्हावा. पण मामीला काहीच कळलं नव्हतं. ती सरांना साखर विचारत होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "यहाँ का पत्ता तो ज़ीरो आ ही नहीं सकता. फिर तुम्हारा कंट्रोल क्या था?"

सर घाईने म्हणाले, "मॅडम, तो एक टेक्निकल..." आणि खिशाची पिपेट चाचपू लागले.

मी मान खाली घातली. "भिंडी, मॅडम."

"क्या?"

"भिंडी का पत्ता."

मामी एवढंच समजली की पाहुण्यांना भेंडी हवी आहे. "भेंडी पाह्यजे का बाईले? परसात हाय ना, तोडून देतो!" आणि थांबवायच्या आत ती गेलीसुद्धा. आम्ही निघालो तेव्हा मॅडमच्या मांडीवर किलोभर भेंडी होती.

परतताना इचोड्याला धाब्यावर चहाला थांबलो. सर फोनवर बोलायला म्हणून ट्रकांच्या पलीकडे गेले. मॅडमनी मला समोर बसवलं. मला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हारा काम अच्छा है. तीन बार दोहराया, पानी का नमूना भी लगाया, सब कॉपी में लिखा है. मामा का खेत पीला आया, वो ग़लती नहीं थी. वो ही तुम्हारा रिज़ल्ट था. तुमने रिज़ल्ट फेंककर सब्ज़ी रख दी."

मी भज्यांबरोबर आलेली मिरची उचलून खाल्ली, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. निरोप घेताना त्यांनी उरलेल्या पट्ट्यांचा डबा माझ्या हातात ठेवला. "इनकी तारीख़ नज़दीक है. काम में लाना."

पुढचं सांगायचं तर जगाच्या रीतीप्रमाणेच झालं. अहवाल परत आला, दुरुस्तीसाठी. सरांनी 'बीटीविरहित कापूस' खोडून तिथे 'कापसाच्या कुळातील नकारात्मक नमुना' असं लिहिलं. भेंडी हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. मामाच्या गावाचं नावही गेलं. अहवाल मंजूर झाला. सर नंतर बियाण्यांच्या शुद्धतेवरच्या एका समितीवर गेले, आणि अजून असतील. माझा प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला. नवीन प्रोजेक्ट आला तेव्हा सर म्हणाले, "अम्मा, तुझी शादी आहे ना?" माझं लग्न ठरलेलं नव्हतं. मी त्यांचा निरोप समजले. आता मी शहरातल्या एका तपासणी लॅबमध्ये रक्ताचे नमुने बघते. आईला आता शेजारणींना सांगायला सोपं जातं.

मामा मात्र दोन महिने आमच्याकडे आला नाही. संक्रांतीला आई तिळगूळ घेऊन गेली, तर तो वावरात जाऊन बसला. दरम्यान त्याने भाषण बदललं होतं, हे मला बाहेरूनच कळलं. आता तो 'भेसळीचा मार खाल्लेला शेतकरी' म्हणून बोलायचा. शालींची आवक थांबली नव्हती, वाढलीच होती.

माघात एका रविवारी तो अचानक आमच्या दारात उभा राहिला. शाल नव्हती. पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला. मग आई आत गेल्यावर म्हणाला, "तुह्यापाशी थ्या पट्ट्या हायेत का?"

"आहेत. थोड्या."

"चारातल्या एकावर एकच लाइन आली होती ना?"

"हो."

"मंग वावरात अजून असतीन."

आम्ही त्याच दिवशी गेलो. पऱ्हाटी वाळत आली होती, वेचणी झाली होती, पण शेंड्याला थोडी हिरवी पानं होती. कुठून सुरू करायचं? मामा जुन्या झाडांची ओळख सांगायला लागला. हे बोंड बारीक, याचा धागा असा, याची पानं अशी. मला थट्टा करायची लहर आली होती, पण तो ज्या झाडांवर बोट ठेवत होता त्यातली बरीच एका रेघेची निघत होती. सगळी नाही. दोन रेघा आल्या की मामा पुढच्या झाडाकडे जायचा. त्या दिवशी आम्हा दोघांच्याही पायात चपला होत्या. काढायचं कुणाला सुचलंच नाही.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या संपल्या. सतरा झाडं एका रेघेची निघाली. मामीने जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या, मामाने त्या झाडांना बांधल्या. त्यांच्यावर उरलेला कापूस वेगळा वेचला, आणि त्याची सरकी मामीने हाताने काढली. हात दुखतात म्हणाली, काढत राहिली.

दुसऱ्या वर्षी ती सरकी परसात पेरली, वावरापासून दूर. झाडं गुडघाभर झाल्यावर मी नवीन पट्ट्या घेऊन गेले. बहुतेक झाडं एका रेघेची होती. पाच झाडांवर दोन आल्या. मामाने पट्टी माझ्या हातातून घेतली, उन्हाकडे धरली, उलटी करून पाहिली.

"पट्टी नासकी हाय," तो म्हणाला आणि घरात गेला.

मी पट्ट्या आवरल्या. जेवले, शेवटची बस पकडली. दुसऱ्या दिवशी मामीचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाली, सकाळी उठून पाहिलं तर परसातली पाच झाडं गायब. तिला वाटलं ढोरं आत शिरली. मग उकिरड्यावर दिसली, मुळासकट उपटलेली, वर माती लोटलेली. "इचारलं तं म्हंतेत, मले काय मालूम," मामी म्हणाली. "आन् हाताले ह्या एवढाल्या चिरा पडल्या हायेत त्याह्यच्या."